बांधणाऱ्यानेच सोडायची पट्टी

त्या दुपारी मी दवाखान्यातून पळून चाललो होतो, आणि मनाशी मात्र म्हणत होतो की आपण रिद्धपूरला देवाच्या पायाशी चाललो आहोत. पाच वर्षं झाली त्याला. डाव्या हातात औषधाची सुई तशीच, ती झाकायला लांब बाहीचा सदरा, दोन दिवस गोळी न घेतल्यामुळे पोटात उठलेली कळ आणि तोंडाने नामस्मरण. अमरावतीच्या त्या मोठ्या दवाखान्याच्या पायऱ्या कठडा धरून उतरत होतो, पण ताठा जसाच्या तसा. देवाला काय वाटलं असेल, त्यालाच ठाऊक. मला आता आठवलं की हसू येतं, आणि हसता हसता डोळे भरतात. लिहायला बसलोच आहे तर सगळं सांगून टाकतो. लपवालपवी फार वर्षं केली, आता तिचा कंटाळा आला आहे.

आम्ही शेंदूरजनाघाटचे. संत्र्याच्या कलमांचं काम आमच्याकडे आजोबांपासून चालत आलेलं. जंबेरी नावाच्या आंबट लिंबाचं रोप वाढवायचं, ते पेन्सिलीएवढं जाड झालं की त्याच्या सालीत छेद द्यायचा, चांगल्या संत्र्याच्या काडीवरचा डोळा काढून त्या छेदात बसवायचा आणि वरून पट्टी गुंडाळायची. डोळा धरला तर झाड, नाही धरला तर मेहनत मातीत. हे काम थंडीत चालतं. माझं लहानपण म्हटलं की मला तेच दिवस आठवतात. पाठीवर ऊन घेत ओळीने बसलेले बांधणारे, चिरलेल्या जंबेरीचा उग्र वास, ओल्या गोणपाटात गुंडाळून ठेवलेल्या काड्या, आणि माय दुपारी डब्यात आणायची ती ज्वारीची भाकर आणि तुरीच्या सोल्यांची भाजी. त्या भाजीची चव नंतर कुठेच लागली नाही. मायच्या हातचीही मोठेपणी तशी लागली नाही, म्हणजे दोष भाजीचा नसावा.

बाबा डावखुरे होते. त्यामुळे त्यांची पट्टी सगळ्यांच्या उलट बाजूने गुंडाळली जायची. त्यांनी मला शिकवलं, पुढे माझ्या बायकोला शिकवलं. आम्ही दोघं उजव्या हाताचे, तरी आमची पट्टी त्यांच्यासारखी उलटीच. गावात लोक नुसत्या पट्टीवरून ओळखायचे, हे रोप यांच्या घरचं. बाबांचा कायदा एकच होता: ज्याने पट्टी बांधली, त्यानेच ती सोडायची. दुसऱ्याने हात लावायचा नाही. नवीन बांधणारे हमखास एक चूक करत. आठ दिवस झाले की त्यांना राहवत नसे, डोळा धरला का ते बघायला पट्टी जरा सैल करत. एकदा हवा लागली की डोळा वाळलाच. बाबा कोणावर हात उगारत नसत, पण अशा वेळी असं काही बोलत की तो माणूस दुसऱ्या दिवशी कामाला येत नसे. "वरून हिरवा दिसला म्हनून धरला असं नसते," ते म्हणायचे. "बांधनाऱ्याले मालूम असते कवा सोडाची थे."

आमचं घर महानुभाव पंथाचं. माय-बाबांनी पंथाचे नियम पाळायचा उपदेश घेतलेला, लग्नाआधी मीही घेतला. घरात दारू नाही, मांस नाही, तंबाखूची पुडीसुद्धा नाही. एखादा पाहुणा खिशात पुडी घेऊन आला तर माय त्याला अंगणातच पाणी द्यायची, आत या म्हणायची नाही. रिद्धपूरला, पंथाच्या तीर्थाला, आम्ही वर्षातून दोनतीनदा तरी जायचो. जीपमध्ये कोंबून बसलेली माणसं, मायच्या मांडीवर संत्र्यांची थैली आणि थैलीवर मी. तिथल्या देवस्थानाच्या ओट्यावर डोकं टेकलं की दगड थंडगार लागायचा. मी लहान, मला खूप काही मागायचं असायचं. माय माझ्या मानेवर हात ठेवून हळू म्हणायची, "मांगू नको काई. नुसता दंडवत घाल." तो हात मला अजून मानेवर जाणवतो.

अशा घरात ते इंजेक्शन शिरलं कसं, असं कोणीही विचारेल. सरळ दारातून शिरलं, कारण ते औषध होतं. रोपांनी भरलेल्या टेम्पोवरून मी पाठीवर पडलो. पाठ काही केल्या उभं राहू देईना, तेव्हा ओळखीच्या एकाने दुखणं थांबायचं इंजेक्शन दिलं. काय सांगू बाप्पा, पहिल्या वेळी काय सुख वाटलं. पाठ तर थांबलीच, पण बाबा जाऊन तेव्हा वर्षही झालं नव्हतं, ते दुःखही तेवढ्या वेळापुरतं विरघळलं. खरी ओढ मला त्याचीच लागली असेल. काही महिन्यांत मी ते स्वतःच टोचून घ्यायला लागलो. चार वर्षं चाललं. गावात दारू पिऊन नालीत पडलेल्याकडे बघून मी नाक मुरडायचो, आणि घरी येऊन, दार लावून, बाही वर करायचो. मनाला समजावलेलं होतं की हे व्यसन नव्हे, दवा आहे. मायही तेच मानायची. तिला वाटे, पोराची पाठ बिचारी बरीच होत नाही. उपदेश मोडतो आहे असं आम्हा दोघांच्या ध्यानीमनीही नव्हतं. दारूला आम्ही उंबऱ्याबाहेर अडवून धरलं होतं, आणि तिच्याहून वाईट गोष्टीला मायने स्वतः पाणी गरम करून दिलं, पाठ शेकायला.

बायकोला मात्र कळलं होतं. ती बोलली, मी तिच्यावर ओरडलो. मग ती गप्प झाली आणि रोपवाटिकेतलं माझं काम तिने अंगावर घेतलं. तिच्या त्या गप्प राहण्याने मी तीन वेळा रिद्धपूरला गेलो. ओट्यावर डोकं ठेवून नेम धरला की आजपासून बंद. तिन्ही वेळा चौथ्या दिवसाच्या आत नेम मोडला. मग देवाला तोंड दाखवायची लाज वाटायला लागली आणि मी जाणंच सोडलं.

मग ताप सुरू झाला. हुडहुडी भरून यायची, दोन गोधड्या घेतल्या तरी दात वाजायचे. अकोल्याला माझे मामा असतात, म्हणून तिथल्या एका दवाखान्यात नेलं. रक्तात जंतू निघाले, ते हृदयाच्या झडपेवर जाऊन बसले होते आणि माझ्या सुईवाटेच आत गेले होते. सहा आठवडे शिरेतून औषध घ्यावं लागेल म्हणाले. औषध सुरूही झालं. पण दुसऱ्या दिवशी माझं इंजेक्शन नाही म्हणून अंग फुटायला लागलं. जांभयांवर जांभया, नाकाडोळ्यांतून पाणी, अंगावर काटा, पाय आपोआप झटकले जायचे, पोट सुटलं. तिथल्या लोकांनी जंतू पाहिले, हे पाहिलं नाही. हे तुमचं तुम्ही सहन करा म्हणाले. मी सहन केलं नाही. कागदावर सही करून निघालो. पंधरा दिवसांनी पुन्हा ताप, पुन्हा तोच दवाखाना, पुन्हा सही. त्या वेळी तिथला एक जण मायला म्हणाला की याला जगायचंच नाही, तुम्ही कशाला धावता. माय बाहेर येऊन पदर तोंडाला लावून भिंतीशी उभी राहिली. तशी उभी मी तिला फक्त बाबा गेले तेव्हा पाहिली होती.

तिसऱ्यांदा ताप चढल्यावर अमरावतीला आणलं, तेव्हा मी अर्धवट शुद्धीत होतो. तिथे एक डॉक्टर मॅडम होत्या, वयाने माझ्यापेक्षा लहान, बारीक चणीच्या. त्यांचा पहिलाच प्रश्न होता, शेवटचं इंजेक्शन कधी घेतलं. मी मायकडे पाहिलं. मॅडमनी मायला चहा आणायला पाठवलं आणि तोच प्रश्न पुन्हा विचारला. चार वर्षांत पहिल्यांदा मी कोणाला तरी खरं सांगितलं. आज सकाळी, म्हणालो. त्यांच्या चेहऱ्यावर काही हललं नाही. ताप किती आहे ते जसं लिहितात, तसं त्यांनी लिहून घेतलं. मग म्हणाल्या, "तुम्हाला दोन आजार आहेत. दोन्हींचा इलाज याच खाटेवर, एकदमच करू. एकच बरा करायला गेलं की काय होतं, ते तुम्ही दोनदा पाहिलंय." व्यसनाला आजार म्हणणारं माणूस मला पहिल्यांदा भेटलं. रक्तात काविळीचा एक विषाणूही सापडला, तोही सुईचाच प्रसाद. त्यावर आता गोळ्या आहेत, तीन महिने घ्यायच्या, असं त्यांनी सांगितलं. एड्सची तपासणी केली, त्यात काही निघालं नाही, तेव्हा जीव भांड्यात पडला.

संध्याकाळी अंग फुटायला लागलं. त्यांनी लगेच काही दिलं नाही. थोडी कळ काढा, आत्ताच गोळी दिली तर त्रास उलट वाढेल, असं म्हणून परत परत येऊन बघत राहिल्या. मग एक छोटी गोळी जिभेखाली ठेवली. गिळायची नाही, बोलायचं नाही, दहा मिनिटं नुसतं बसायचं. तासाभराने पाय शांत झाले. गुंगी नाही, तरंगणं नाही, नुसतं शांत. मी पोटभर जेवलो. वॉर्डातल्या एका सिस्टरना भीती वाटत होती की अशा माणसाच्या हातात सुई ठेवली तर तो तिच्यातून भलतंच काही टोचून घेईल. मॅडम माझ्यासमोरच म्हणाल्या की ती सुई आपण त्यांच्या हातात विश्वासाने ठेवली आहे. माझ्यावर विश्वास! मी चादर तोंडावर ओढून घेतली.

खरं सांगू, त्या वॉर्डची मला आता आठवण येते. हे ऐकलं की बायको कपाळाला हात लावते. पण येते. सकाळचा फिनेलचा वास, उजाडता उजाडता लागणारी औषधाची पहिली बाटली, आठला गोळी आणि मग चहा. शेजारच्या खाटेवर परतवाड्याचे एक काका होते, साखरेच्या आजाराने पाय चिघळलेला. त्यांच्याजवळ त्यांची बायको गुंफाबाई असायची. साठीची, परतवाड्याच्या बाजारात झेंडू-शेवंती विकणारी. मी तिला मावशी म्हणायचो. तिची जीभ म्हणजे विळा. डॉक्टरांपासून झाडणाऱ्यापर्यंत सगळ्यांशी ती एकाच सुरात बोलायची आणि कोणालाच त्याचा राग येत नसे. तिची बोटं रिकामी राहत नसत. हार वळायला फुलं नव्हती म्हणून चादरीचे निघालेले धागेच वळत बसायची. पहिल्या दिवशी तिने मला विचारलं, तुला काय झालं. मी म्हणालो, ताप. "तापाले सहा आठवडे? मले येडी समजते काय?" म्हणाली. मग मी सगळं सांगितलं, सुईसकट. तिने ऐकून घेतलं आणि विचारलं, "बरं. भाकर खाल्ली का?" तिच्यापुरता तो विषय तिथेच संपला.

दहा दिवसांत ताप उतरला, आणि इथेच माझं डोकं फिरलं. माय अमरावतीतच ओळखीच्यांकडे उतरली होती, रोज यायची. कोणीतरी तिच्या कानावर घातलं की जिभेखालची गोळीही त्या इंजेक्शनच्याच जातीची आहे. तिने मॅडमना विचारलं. मॅडम खोटं बोलणाऱ्यातल्या नव्हत्या. हो, जात तीच आहे, पण ही गोळी ठरलेल्या वेळी घेतली की माणूस आपल्या पायावर उभा राहतो, असं त्यांनी सांगितलं. मायच्या डोक्यात पहिलं अर्धंच राहिलं. तिचंही काय चुकलं? चार वर्षं औषध म्हणून ज्याला घरात घेतलं, ते नशा निघालं. आता औषध म्हणून जे देतात, तेही तसंच निघेल, असं तिने धरून ठेवलं. मला म्हणाली, "उपदेश घेतलेल्या पोराच्या जिभेखाली हे नको. देवाचं नाव घ्याची जागा हाय थे. चाल रिद्धपूरले. सुईबी अन् गोळीबी, सगळं तिथंच सोडून दे."

मला ते फार आवडलं. बरं वाटायला लागलं होतं ना! मी मॅडमना गोळी बंद करा म्हणालो. त्या म्हणाल्या की करू, पण आत्ता नाही, कधी ते आपण मिळून ठरवू. ताप उतरला म्हणजे जंतू गेले असं नाही, आणि मन शांत झालं म्हणजे दुसरा आजार गेला असंही नाही. शिरेतलं औषध मध्येच सोडलं तर झडप फाटेल, आणि मग माझ्या हातात काही उरणार नाही, हेही त्यांनी स्पष्ट सांगितलं. मला रागच आला. माझ्या भक्तीच्या आड येणारी ही कोण? दोन सकाळी मी गोळीसाठी तोंडच उघडलं नाही. दुसऱ्याच दिवशी ठरलं की माय पुढे जाऊन रिद्धपूरच्या जीपजवळ थांबेल आणि दुपारच्या जेवणाच्या गडबडीत मी मागून जाईन. उद्या परत येऊ, असं मी तिला सांगितलं होतं. तिचा विश्वास बसला. माझा नव्हता. पोटात ती जुनी कळ उठली होती, आणि कळ उठली की माझे पाय कोणत्या दुकानाकडे वळतात, हे मला तीन नेमांनी शिकवलं होतं.

गुंफा मावशी पायऱ्यांजवळच्या कडुनिंबाखाली बसली होती. मांडीवर काळी पिशवी आणि पिशवीत एक रोप. लोक आजाऱ्याला बघायला येताना बिस्किटाचा पुडा आणतात. बाजारात तिच्या शेजारी बसणारा रोपवाला काकांना बघायला आला, तो संत्र्याचं रोप घेऊन आला होता. तिला टाळून मी बाजूने निघालो, पण धंद्याची नजर ती, गेलीच. रोपाला पट्टी तशीच होती, आणि मावशी नखाने त्या पट्टीचं टोक उकलत होती.

मी एवढ्या मोठ्याने "मावशी, सोडू नको ते" म्हणालो की पलीकडच्या चहावाल्याने मान वळवली. तिच्यासमोर फतकल मारून बसलो आणि रोप हातात घेतलं. घेतलं आणि पट्टीवरून बोट फिरवलं. पट्टी उलटी गुंडाळलेली होती. बाबांच्या हाताची, म्हणजे आमच्या घरची. आणि टोक जरा लांब ठेवून खालून आत खोचलेलं. ती खोच माझ्या बायकोची. एवढं लांब टोक कशाला ठेवतेस, म्हणून मी तिला नव्या संसारात चिडवायचो. ज्या कामाकडे मी चार वर्षं पाठ फिरवली, ते ती एकटी करत होती, आणि तिच्या हातचं ते रोप परतवाड्याहून फिरून बरोबर माझ्या वाटेत येऊन बसलं होतं. पुढे बायकोने सांगितलं की एक रोपवाला घाई करून चार पिशव्या कच्च्याच घेऊन गेला होता, पट्टी सोडायच्या आत. तसंच झालं असेल. मी कोणाशी त्यावर वाद घालत नाही. त्या वेळी मात्र माझं नामस्मरण थांबलं होतं, आणि खरं सांगतो, देव मला त्या तीन नेमांपेक्षा तेव्हा जवळ वाटला.

मावशी वैतागली होती. धरलं का नाही ते पाहून राहिली होती, त्यात एवढं ओरडायला काय झालं, म्हणाली. मग मी तिला समजावायला बसलो. बाबा सांगत तसंच सगळं सांगितलं. वरून हिरवं दिसलं म्हणजे धरलं असं नसतं. सैल करून बघितलं की वाळलंच. बांधणाऱ्याला कळतं कधी सोडायची, म्हणून त्यानेच सोडायची, दुसऱ्याने हात लावायचा नाही. जांभया देत, नाक पुसत, घामाघूम होऊन मी हे सगळं अगदी कळकळीने सांगत होतो. ती ऐकत होती आणि माझ्याकडे बघत होती. मग तिने हात पुढे केला आणि माझी बाही वर सारली. आत सुई होती, सुईवर पांढरी चिकटपट्टी, आणि तिच्यावर मॅडमच्या अक्षरात लिहिलेला दिवस.

"अन् हे कोनं बांधलं, बापू?" ती म्हणाली.

मी बाही खाली ओढली.

"त्या पोरीनं बांधलं ना? मंग तू काहून सोडून राहिला?"

त्या निंबाखाली, भर दुपारी, लोकांच्या येण्याजाण्यात, चाळिशीचा माणूस मी, हमसून हमसून रडलो. बाबा गेले तेव्हा रडलो नव्हतो, ते रडणंही त्यातच निघालं. तिने मला रडू दिलं. मग विचारलं की जायचं कुठे होतं, आणि मी मायचं सांगितलं. "तू वर जाय," ती म्हणाली. "तुह्या मायले मी घेऊन येते." रोप माझ्या हातात तसंच ठेवून ती गेली.

जीपजवळ त्या दोघींचं काय बोलणं झालं ते मला आजही माहीत नाही. मी दोघींनाही विचारलं, दोघींनीही ताकास तूर लागू दिली नाही. मी वर गेलो, मॅडमना शोधलं आणि म्हणालो, चुकलं माझं. त्या रागावल्या नाहीत. दोन दिवसांत काही टोचून घेतलं का, एवढंच विचारलं आणि गोळी काढली. ती जिभेखाली विरघळत होती तेव्हा दोघी आल्या. मायचे डोळे लाल होते. ती माझ्याकडे न बघता मॅडमजवळ गेली आणि विचारलं, गोळी रोज किती वाजता देता. आठ वाजता, त्या म्हणाल्या. माय बरं म्हणाली.

दुसऱ्या दिवशी आठच्या आधी ती हजर. सिस्टरनी गोळी दिली, मी तोंड मिटलं. दहा मिनिटं मला बोलता येत नव्हतं. माय खाटेच्या कडेला बसली, डोळे मिटले आणि हळू आवाजात स्मरण करायला लागली. रोज पहाटे घरी करायची तेच. माझं तोंड बंद म्हणून माझ्या वाट्याचंही नाव तीच घेत होती. त्या दिवसापासून एकही सकाळ तिने चुकवली नाही. कधी कधी गुंफा मावशीही येऊन बसायची. तिला आमच्या पंथाचं काही ठाऊक नव्हतं, ती आपली धागे वळत बसायची. पलीकडचे काका आणि त्यांच्यापलीकडचे एकदोघं त्या दहा मिनिटांत आपोआप गप्प होत. माझ्या आयुष्यात मी अशी सकाळ फार पाहिली नाही.

चौथ्या आठवड्यात बायको आली. रोपवाटिका सोडून तिला येता येत नव्हतं, त्या दिवशी कशीबशी आली. खिडकीत रोप होतं. ते बघून ती थबकली, जवळ गेली, पट्टीचं टोक बोटात धरलं आणि माझ्याकडे पाहिलं. मी म्हणालो, बांधली तू आहेस, तुला कळेल. तिने खोच सोडवली आणि एकेक वेढा उलगडत गेली. आत डोळा टपोरा, हिरवागार, जागच्या जागी. "धरलं वं माय," मावशी म्हणाली. बायको मात्र रोपाकडे बघतच नव्हती. ती माझ्याकडे बघत होती. चार वर्षांनी मी तिच्या नजरेला नजर दिली. काका बरे होऊन परतवाड्याला गेले, तेव्हा रोप मावशीच्या कडेवर बसून गेलं.

सहा आठवडे पुरे झाले. रक्त साफ निघालं. घरी जाण्याआधी आम्ही तिघं, माय, बायको आणि मी, रिद्धपूरला गेलो. खिशात गोळ्यांचं पाकीट होतं. आठ वाजले तेव्हा पायऱ्यांवर बसून मी गोळी घेतली, माय शेजारी बसली, आणि मग आम्ही आत गेलो. आधी तीन वेळा त्या ओट्याशी मी मोठमोठ्या गोष्टी केल्या होत्या: हे सोडतो, ते सोडतो, तू मला सांभाळ. या वेळी डोकं टेकलं तर बोलायला काही सुचलंच नाही. मायचा हात मानेवर आला. ती काही म्हणाली नाही, पण लहानपणचं ते वाक्य मला ऐकू आलं. मग मी देवाला एवढंच म्हणालो, बांधलं तू आहेस, सोडशीलही तूच. मी हात लावणार नाही.

माय मागच्या वर्षी गेली. शेवटपर्यंत आठची वेळ तिने सोडली नाही. आता माझी गोळी बरीच कमी झाली आहे. मॅडम हळूहळू उतरवत आणतात, कधी बंद होईल ते त्या बघतील, मी विचारत नाही. या हिवाळ्यात परतवाड्याहून एक थैली आली. मावशीच्या अंगणातल्या झाडाची पहिली संत्री, सात-आठच, लहान आणि जरा आंबट. सोबत निरोप होता, तुह्या घरचंच आहे, नावं ठेवू नको. ती रिद्धपूरला नेऊन मी मायच्या नावाने दंडवत घातला.

रोज सकाळी आठला मी मायच्या जागेशेजारी बसतो, गोळी जिभेखाली ठेवतो आणि तोंड मिटतो. दहा मिनिटं घरात कोणी बोलत नाही. माझ्या वाट्याचं नाव घेणारी आता तिथे बसलेली नसते, तरी ते मला ऐकू येतं. मग मी उठतो आणि ओळीत जाऊन बांधायला बसतो. माझी पट्टी अजून उलटीच जाते.